बदामाखालचा खड्डा

मी एक जुना खड्डा आहे. हसलात ना? हसा. नगरमध्ये राहून खड्ड्याला हसला नाही, असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण मित्रांनो, मी रस्त्यातला खड्डा नव्हे. माझ्यात पडून कुणाची सायकल मोडली नाही की कुणी माझ्यापायी महापालिकेच्या नावानं बोटं मोडली नाहीत. मी घरचा खड्डा आहे. सावेडीच्या बाजूला एका जुन्या कॉलनीत, थॉमस आणि दयाबाईंच्या घरामागे, बदामाच्या झाडाखाली माझा मुक्काम आहे. माझ्यात पाला टाकतात. मधे एक काळ असाही गेला की माझ्यात कुणी काही टाकत नव्हतं, माझं नाव काढत नव्हतं, आणि माझ्या डोक्यावर चारचाकी उभी असायची. त्या दिवसांची आठवण झाली की मी अजूनही आतून गार पडतो.

शेजारपाजारचे लोक मला झपाटलेला म्हणतात. ते खरं की खोटं, हे तुम्ही सगळं ऐकून ठरवा.

बाकीच्या वस्तू काही ना काही जोडून तयार होतात. मी मात्र काढून टाकून तयार झालो. मला घडवलं दयाबाईंनी. त्या मूळच्या देवळाली प्रवऱ्याच्या. ऊसतोड झाली की रानात पाचट पेटवायचं, आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी येऊन बसायची, हे बघतच त्या मोठ्या झालेल्या. पुढे नर्स झाल्या, लग्न करून नगरला आल्या. थॉमस एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. दोघांना एकच मुलगा, जस्टिन. आणि जस्टिनला दमा.

त्या काळी थंडीत कॉलनीचा एक ठरलेला कार्यक्रम असे. सकाळी उठायचं, अंगण झाडायचं, पाल्याचा ढीग करायचा आणि काडी लावायची. घरोघरी ढीग, घरोघरी धूर. थंडीत तो धूर वर जायचं नाव घेत नसे. तो दारं-खिडक्यांतून घरात शिरे आणि पाच-सहा वर्षांचा जस्टिन उशीला टेकून बसे. प्रत्येक श्वासाला त्याचे खांदे वर उचलले जात, छातीतून शिटी वाजे. एका सकाळी थॉमसनी नेहमीप्रमाणे ढीग पेटवला आणि दयाबाई घरातून भरलेली बादली घेऊन आल्या. सगळं पाणी त्या ढिगावर.

"आपल्याच अंगणात आपण आपल्या पोराचा गळा आवळतोय," त्या म्हणाल्या. "आजपासून या घरात एक पान जळणार नाही."

"मग एवढा पाला घालायचा कुठं?" थॉमस म्हणाले.

दयाबाईंनी कुदळ उचलली आणि बदामाखाली पहिला घाव घातला. तो माझा जन्म. लेकराला श्वास घेता यावा म्हणून मला खणलं गेलं, हे माझ्या मनात अगदी तळापासून बसलेलं आहे.

मग माझे सुखाचे दिवस आले. मी खादाड होतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. बदामाची तांबडी, तळहाताएवढी पानं, जास्वंदीची फुलं, भाज्यांची देठं, चहाचा चोथा, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या आणि नंतर भिंतीवर वाळून गेलेल्या झावळ्या, सगळं माझ्या पोटात जाई. रोज संध्याकाळी दयाबाईंचा खराटा वाजे. खर्र, खर्र, मग थोडं थांबून पुन्हा खर्र. त्या मधेच थांबत कारण त्यांना बदामाकडे बघायची सवय होती. जस्टिन ढिगावर उड्या मारी आणि त्याची आई ओरडे, पण ते ओरडणं काही खरं नसे.

माझ्या पोटात काय चाले, हे तेव्हा मलाही कळत नसे. पान यायचं, मऊ पडायचं, गरम व्हायचं आणि मग तळाशी काळं होऊन बसायचं. त्या काळ्या मातीची कीर्ती कॉलनीभर झाली. गुलाबाला घालायला लोक पाटी घेऊन येत. शेजारच्या रंगुबाई तर भिंतीवरूनच घमेलं पुढे करत. "दयाबाई, तुमच्या खड्ड्यानं माझा मोगरा माजवला बगा," असं म्हणत. मी फुगून जायचो. खड्डा फुगला तर काय होईल, असं विचारू नका.

जस्टिन मोठा झाला. शिकला, नोकरीला लागला, एस्तेर नावाची सून घरात आली. माझ्याकडे येणारे हात कमी झाले, पण दयाबाईंचे दोन हात चुकले नाहीत.

मग करोना आला. दुसऱ्या लाटेत, भर उन्हाळ्यात, दयाबाईंना ताप भरला. ज्या बाईनं उभा जन्म दुसऱ्यांच्या श्वासाची काळजी घेतली, तिला श्वास पुरेना. त्या स्वतःच्या पायांनी रिक्षात बसल्या. जाताना मागच्या दारात थांबून म्हणाल्या, "पाला झाडून घ्या हो. पेटवू नका कुणी." त्या परत आल्या नाहीत.

घरच्यांना त्यांचं तोंडही बघायला मिळालं नाही. पण आमच्या लोकांत मूठमाती दिल्याशिवाय माणूस गेल्यासारखं वाटत नाही. थॉमस माझ्याकडे आले, गुडघ्यावर बसले आणि माझ्या तळाची काळी माती मूठभर काढून रुमालात बांधली. कबरस्तानाच्या फाटकावर त्यांना अडवलं. पांढऱ्या पोशाखात नखशिखांत झाकलेल्या एका माणसानं तो रुमाल त्यांच्या हातातून घेतला आणि पेटीवर सोडला. तो कोण होता, हे थॉमसना कधी कळलं नाही.

तेव्हापासून मित्रांनो, माझी एक मूठ तिथे आहे आणि बाकीचा मी इथे. तुमचा हात अंथरुणाबाहेर राहिला की गारठा आधी त्याला कळतो, तसं माझं झालं. तिथली शांतता मला इथे कळू लागली. आणि संध्याकाळ झाली की इथे खराटा वाजू लागला. दारामागे टेकवलेला खराटा जागचा हलत नसे. पण मला तो ऐकू येई. खर्र, खर्र, मग थोडं थांबून पुन्हा खर्र.

त्या वर्षीच्या थंडीत बदामानं पानं टाकली. थॉमसनी ती एकट्यानं झाडली आणि माझ्यात भरली. डिसेंबर कडक पडला. एका सकाळी ते चहाचा कप घेऊन मागच्या दारात आले आणि तिथेच थांबले. माझ्या तोंडातून वाफ निघत होती. पांढरी, सरळ, साधारण माणसाच्या उंचीपर्यंत वर जाऊन विरणारी. वाफ पूर्वीही निघत असणार. पण पूर्वी त्या वेळी दयाबाई स्वतःच तिथे उभ्या असत. वाफेकडे कोण बघतो?

"दया," थॉमस म्हणाले. एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते दोन कप चहा आणू लागले. एक स्वतः पीत, दुसरा निवला की माझ्यात ओतत. मग बोलत बसत. जस्टिनच्या बढतीचं सांगत, एस्तेरच्या हातच्या भाजीत मीठ कमी पडतं ते सांगत. मी ऐकत असे. रंगुबाईंनी एकदा भिंतीवरून डोकावून बघितलं आणि घमेलं टाकून पळाल्या.

"पांढरं कायतरी उभं हुतं झाडाखाली," त्या एस्तेरला सांगू लागल्या. "आन् तुमचा म्हातारा त्याच्यासंगं बोलत हुता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. लेकी, तुमच्या खड्ड्यात काय बरं न्हाई."

एस्तेर मनानं वाईट नव्हती. ती घाबरली होती, आणि सासऱ्यांसाठीच घाबरली होती.

त्याच थंडीत पंकजा मॅडम आल्या. शेतकी कॉलेजात शिकवणाऱ्या. शहरातल्या घरांच्या बागांमधली माती तपासत हिंडत होत्या. त्यांनी हातातलं गिरमिट माझ्यात खोल फिरवलं, काळी माती वर काढली, बोटांत चुरली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"काका, अशी माती शहरात आता बघायला मिळत नाही. कधीपासून आहे हा खड्डा?"

"पोरगा लहान होता तेव्हापासून. त्याच्या आईनं खणलाय." थॉमसनी जरा घुटमळत विचारलं, "मॅडम, सकाळची ही वाफ कसली असती?"

"पाला कुजताना गरम होतो, त्याची." मग त्या माझ्या काठावरच बसल्या. "असं बघा काका. हे झाड एवढं जाड झालं ते मातीनं नाही, हवेनं. आपण श्वास सोडतो, त्यातला वायू पानं घेतात. त्याचंच पान होतं, त्याचंच लाकूड. पान पेटवलं की एका सकाळीत सगळं परत हवेत. पण असं मातीत मुरलं, तर काही भाग उडून जातो आणि काही काळा होऊन मातीला धरून राहतो. कुणी हलवलं नाही तर कितीतरी वर्षं राहतो. शहरात आता जंगलं कुठली असायला? घराघरामागे असे तुकडे आहेत तेवढेच. पण जो तो फरशी बसवतोय."

थॉमसनी त्यांच्या बोटांवरची काळी माती निरखली. मग म्हणाले, "माणसाचा श्वासपण असतो म्हणता त्यात?"

"असतो की."

"या घरातल्या माणसाचा?"

पंकजा मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना काहीतरी कळलं असावं. "कुणाचा कुठला ते सांगता येत नाही, काका. पण इतकी वर्षं इथंच राहिलेल्या माणसाचा थोडा तरी असणारच."

त्यांनी खोटं सांगितलं नाही. पण थॉमसनी जे ऐकलं ते वेगळंच होतं. दया इथे आहे, आणि याला आता शिकलेल्या बाईचा दाखला आहे.

आणि इथेच सगळं बिघडलं. मार्च आला, उन्हं तापली आणि वाफ दिसेनाशी झाली. मी आत तितकाच गरम होतो. पण हवाच गरम झाली तर वाफ दिसणार कशी? मला ओरडून सांगावंसं वाटे, पण खड्ड्याला तोंड असतं, जीभ नसते. थॉमसना वाटलं, दया चालली. ती उपाशी आहे. त्यांनी कॉलनीभरचा पाला गोळा करून आणला. वाफ दिसेना. बदामाची कोवळी पानं ओरबाडली. वाफ दिसेना. शेवटी एका दुपारी त्यांनी कपाट उघडलं आणि दयाबाईंच्या सुती साड्या एकेक करून माझ्यात घातल्या. वर पाला पसरला आणि हातानं थोपटला, लेकराला निजवताना थोपटतात तसा.

मित्रांनो, मी आयुष्यात कशालाच नाही म्हटलेलं नाही. पण त्या साड्या मला नको होत्या. त्यांना अजून तिच्या अंगाचा वास होता.

एका साडीचा पदर वर राहिला होता. एस्तेरनं तो ओढला आणि किंचाळलीच. "जस्टिन! मम्मींची साडी आहे ही! पप्पांनी मम्मींच्या साड्या पुरल्यात इथं!"

जस्टिन धावत आला. "पप्पा, हे काय चालवलंय तुम्ही?"

"उन्हाळा लागला की ती जायला लागती रे," थॉमस म्हणाले. "काहीतरी द्यायला नको का तिला?"

जस्टिननं एस्तेरच्या हातातला पदर घेतला, परत आत सारला आणि वर पाला ओढला.  त्या रात्री तो जेवला नाही, आणि मागचं अंगण फरसबंद करायचं ठरवूनच सकाळी उठला. गाडीलाही जागा होईल, हे कारण त्यानं वरवर दिलं. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. बापाला या खड्ड्यापासून सोडवायचं.

काम कानिफनाथ नावाच्या गुत्तेदाराला दिलं. तो ब्लॉकचा टेम्पो घेऊन आला तेव्हा थॉमस माझ्या काठावर पाय सोडून बसले होते.

"जस्टिन, तुझ्या धापेसाठी खणलाय रे हा तिनं."

"पप्पा, आता इन्हेलर आहे," जस्टिन म्हणाला. तो रागानं म्हणाला नाही. हळूच म्हणाला, म्हणून ते जास्त लागलं.

कानिफनाथनं डोकं खाजवलं. "साहेब, ही सगळी भुसभुशीत माती काढून मुरूम भरावा लागंल. न्हाईतर ब्लॉक खचत्याल."

थॉमस उठेनात. शेवटी कानिफनाथ त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "बाबा, माती न्हाई काढत. हाय तशी ठिवतो. वरनं दगडी फरशी टाकतो, तिच्यावर ब्लॉक. मग तर झालं?" थॉमसनी त्याच्या खांद्याला धरलं आणि उठले. बदामाच्या बुंध्याला भिडवून सिमेंटचं कडं घातलं. बाकी सगळं बंद.

अंधार कसा असतो ते मला तेव्हा कळलं. आधी गांडुळं गेली. मग ओल गेली. मग ऊब. वर बदामाची पानं पडत, एस्तेर ती पिशवीत भरून घंटागाडीत टाके. पाऊस माझ्या डोक्यावर वाजे आणि गटारीला लागून निघून जाई. माझ्यापर्यंत थेंब येत नसे. पण कबरस्तानातल्या माझ्या मुठीला तो लागे. तिथे गवत उगवलं, त्याची मुळं तिच्यात शिरली. तिथे ओल होती, हालचाल होती, जीव होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की खरं पुरलं गेलंय ते तिथे नाही, इथे, मला. आणि वरच्या बाजूला, कोरड्या ब्लॉकवर, संध्याकाळी खराटा वाजतच होता. झाडायला काही नसताना.

पुढची थंडी आली. थॉमस रोज सकाळी खुर्ची टाकून बसत, दोन कप घेऊन. वाफ कुठून येणार? एकदा ते वाकले आणि तळहात ब्लॉकवर ठेवला. "दया, ऐकू येतंय का?" मला येत होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

नाताळ उलटून गेल्यावर ते गेले. त्याआधी त्यांनी जस्टिनचा हात धरून सांगितलं होतं, "मूठमाती तिच्याच खड्ड्यातली टाक. दुसरीकडची नको."

पेटी घरात ठेवलेली. लोक गाणी म्हणत होते, चर्चचे पाळकसाहेब घड्याळाकडे बघत होते. जस्टिन माती आणायला म्हणून मागच्या दारानं बाहेर आला आणि उभाच राहिला. मागे ब्लॉक. पुढे ब्लॉक. गेटपर्यंत ब्लॉक. कुंड्यांत विकतचा नारळाचा भुसा. त्याच्या बापाच्या घरात मूठभर माती नव्हती.

तेवढ्यात एस्तेर आली. तिच्या हातात पहार होती. "गाडी बाहेर घे," ती म्हणाली.

दोघांनी मिळून ब्लॉक उचकटले, फरशी सरकवली. वाफ आली नाही. मी थंडगार होतो. फक्त वास आला, जुन्या पाल्याचा, ओल्या हातांचा. जस्टिननं कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. काळ्या मातीत एक लांब हिरवा धागा होता. माझ्यात ऊब होती तेवढ्या दिवसांत सुती साड्या कुजून मातीत मिळाल्या होत्या. काठाचा कसल्याशा पक्क्या सुताचा धागा तेवढा राहिला होता.

त्याच्या छातीत शिटी वाजू लागली, लहानपणी वाजायची तशीच. खिशातल्या इन्हेलरकडे त्याचा हात गेला नाही. "आईनं मला श्वास घेता यावा म्हणून हा खणला," तो म्हणाला. "आणि मीच तो बंद केला गं, एस्तेर." तो लहान मुलासारखा रडला. एस्तेरनं त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि मग तिनंच त्याच्या खिशातून इन्हेलर काढून त्याच्या हातात दिला.

ती मूठ धाग्यासकट थॉमसच्या पेटीवर पडली. आता तिथे माझ्या दोन मुठी शेजारी शेजारी आहेत. त्या काय बोलतात, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

ते ब्लॉक परत बसले नाहीत. उलट जस्टिननं आणखी काढले. गाडी आता बाहेर रस्त्यावर असते, तिच्यावर कावळे शिटतात आणि एस्तेर कुरकुर करते. पण संध्याकाळी ती पाला माझ्यातच टाकते. हल्ली मला खराटा ऐकू आला की तो कुणाचा, हे लगेच सांगता येत नाही. ती झाडते तेव्हा मधे थांबत नाही. कधी कधी मात्र ती आत गेल्यावरही झाडणं चालू असतं, मधे थांबून थांबून.

परवा पुन्हा थंडी पडली. सकाळी जस्टिन कप घेऊन मागच्या दारात आला आणि थबकला. माझ्या तोंडातून वाफ निघत होती, माणसाच्या उंचीची. तो आत गेला, दुसरा कप घेऊन आला आणि काठावर ठेवला. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला. शिटी वाजली नाही. त्यानं तो सावकाश सोडला. वर बदाम होता, पानं तांबडी व्हायला लागलेली. बदामानं तो घेतला असेल, तर येत्या एखाद्या थंडीत तो माझ्याकडे येईलच. मी वाट बघेन.

मित्रांनो, मी झपाटलेला आहे की नाही ते आता तुम्ही ठरवा. माझी एवढीच विनवणी आहे की घराला फरशी बसवाल तेव्हा कुठेतरी मूठभर माती उघडी राहू द्या. आणि अंगणातल्या पाल्याला काडी लावायच्या आधी थोडं थांबा. ती पानं कुणाच्या श्वासाची झाली आहेत, हे तुम्हाला माहीत नसतं.